जुन्या फियाटची पाना-पेटी भंगारात घालू नका

सातारा-सांगलीकडं बऱ्याच गावात गोठ्याशेजारच्या शेडात अजून एखादी जुनी फियाट नाहीतर प्रीमियर पद्मिनी धूळ खात उभी असते. दिवाळीच्या साफसफाईत तिचा जॅक, पाने, व्हीलकॅप भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. तिथं भाव मिळतो तो नुसत्या लोखंडाचा.

जरा थांबा. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या या गाड्या बंद होऊन वीस वर्षं उलटली. कंपनीचं मूळ सामान आता सहज मिळत नाही. म्हणून हौसेनं जुनी गाडी घेणारा आधी डिकी उघडून बघतो.

2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं फिरवता येत नाही. जॅक-पान्यांची अट नियमात नाही. पण ते आणि जुनं आरसी बुक सोबत असलं, की गाडी जपलेली आहे हे घेणाऱ्याला पटतं.

तेव्हा पान्यांना तेलाचा हात फिरवा, फडक्यात गुंडाळा. कागद उंदरापासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवा. आणि गाडी विकायची वेळ आलीच, तर पेटीसकट विका.