आयुर्विमा महामंडळ आणि कलम २१

१९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून देशातल्या आयुर्विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि १ सप्टेंबरला २४५ विमा संस्थांचा व्यवसाय एकत्र करून भारतीय आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. भांडवल ५ कोटी रुपये, मुख्यालय मुंबईत.

या महामंडळाचे सारे अधिकार त्या कायद्यातून येतात. स्वतःच्या नावाने मालमत्ता घ्यावी, विकावी, कोर्टात दावा लावावा, ही मुभा त्यानेच दिली. कलम ३० ने आयुर्विम्याची मक्तेदारी दिली. ती १९९९ च्या कायद्याने संपली. कलम ३७ ने पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी दिली. खेड्यातला विमेदार ज्या भरवशावर हप्ता भरतो, त्याचा कायदेशीर पाया हाच.

पण महामंडळ आणि मंत्रालय यांच्यातली सीमारेषा आखतं ते कलम २१. लोकहिताशी निगडित धोरणाबाबत सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, मात्र ते लेखी हवेत. या एका अटीचं मोल वर्षभरातच कळलं. जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीला आधी विचारलं नव्हतं, कलम २१ खालचा लेखी निर्देशही नव्हता. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावं लागलं.

पुढे १९७५ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी महामंडळं घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ ठरवली. म्हणजे कर्मचाऱ्याला नियम डावलून काढलं, तर मूलभूत हक्कांच्या आधारे दाद मागता येते.

२०२२ मध्ये सरकारने साडेतीन टक्के हिस्सा विकला आणि महामंडळ शेअर बाजारात आलं. मालकीत वाटेकरी आले, तरी पैसा विमेदारांचाच आहे. सरकारला त्याबाबत काही सांगायचं असेल, तर ते सहीनिशी कागदावर सांगावं. जबाबदारी कुणाची, हे लोकांना विचारता येतं ते त्या सहीमुळेच.