हादरते कधी, थांबते कधी

सिग्नल सुटला, पहिला गिअर टाकला, गाडी सरकली की डॅशबोर्डपासून सीटपर्यंत सगळं थडथडायचं. जेमतेम दोन-तीन सेकंद. मग गाडी शहाण्यासारखी चालायची. सिंहगड रोडवर संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला हा अनुभव एका फेरीत पन्नास वेळा येऊ शकतो. टायरच्या दुकानात चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, वर अलाइनमेंटही. पैसे गेले, थडथड राहिली.

धायरीच्या गॅरेजात मिस्त्रींना हे सगळं रंगवून सांगितलं. बॉनेटला हातही न लावता ते म्हणाले, "हादरते ते कळलं, ताई. थांबते कधी?"

आठ वर्षं ही गाडी चालवतेय, पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शेजारी येऊन बसले. गॅरेजसमोरच्या चढावर गाडी उभी केली. "हळू सोडा क्लच... अजून... आता पूर्ण सोडा." पेडलवरून पाय पूर्ण उचलला तशी थडथड गायब. पुन्हा केलं, पुन्हा गायब. रिव्हर्समध्ये तर आणखी जोरात.

"चाकांचा काही संबंध नाही," ते म्हणाले. नंतर घरी मी हिशेब मांडला. ताशी १० किलोमीटरला माझ्या गाडीचं चाक सेकंदाला दीडच फेरा घेतं. बिघाड त्याचा असता तर गाडी डुलली असती, अशी थडथडली नसती. बॅलन्सिंग बिघडलं की स्टेअरिंग थरथरतं ते साधारण ८०-१००च्या वेगाला. क्लच पूर्ण सुटल्यावरही जोर दिला की हादरत राहिली असती, तर त्यांनी अॅक्सलचा आतला जॉइंट पाहिला असता, नाहीतर स्पार्क प्लग. आपली थडथड फक्त हाफ क्लचमध्ये होती.

तरी गिअरबॉक्स लगेच उतरवला नाही. आधी स्वस्तातलं. बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढला, गाडीसमोरून सगळ्यांना बाजूला केलं आणि पोऱ्याला ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडायला सांगितलं. इंजिन दोन बोटं उचललं गेलं आणि धप्पकन बसलं. पहिल्या गिअरची सुमारे साडेतीन पट, पुढे डिफरन्शियलची चार. म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत जवळजवळ चौदापट होऊन पोचतो. तेवढाच जोर इंजिनाला उलट बाजूला पिळत असतो. त्याला धरून ठेवतात ती रबरी माउंटिंगं. जुने मिस्त्री त्यांना फाउंडेशन म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त पटतो. खालच्या माउंटिंगमध्ये टॉमी घालून दाबली तर रबर तोंडासारखं उघडलं. आरपार चिरलेलं.

ते बदललं. थडथड निम्म्याहून कमी झाली. मी खूश, मिस्त्री नाही. "आठवडाभर चालवा आणि या."

आठवड्याने गिअरबॉक्स खाली आला. या लेखाचं खरं निमित्त म्हणजे त्यानंतरची दहा मिनिटं. क्लच प्लेट हातात घेऊन त्यांनी उजेडात तिरपी धरली. लायनिंग खरखरीत असायला हवं. हे काचेसारखं चकाकत होतं आणि आतल्या कडेला ओला काळा डाग होता. फ्लायव्हीलवर निळसर ठिपके. तापून तापून लोखंड तिथे कडक झालेलं. अशा पृष्ठभागावर प्लेट एकसारखी घसरत नाही. धरते, सुटते, धरते, सुटते. ती धरसोड म्हणजेच माझी थडथड.

पण तेल कुठलं? इंजिनाचं की गिअरबॉक्सचं? दोन्हींची सीलं तिथेच, समोरासमोर. मिस्त्रींनी डागावर बोट फिरवलं आणि हुंगलं. गिअर ऑइलला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास असतो. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. इथे तो नव्हता. "क्रँकचं मागचं सील." नुसती प्लेट बदलून गाडी दिली असती तर नवी प्लेटही तेल प्यायली असती. एवढ्याशा रबरी कड्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता.

फ्लायव्हील लेथवर पाठवून फेस करून आणलं. नवं सील, नवी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. नव्या प्लेटला पोऱ्याने तेलकट हात लावताच त्याला असा काही ओरडा बसला की मीही दचकले. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकाच वेळी आवळले नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे.

माझा डावा पाय मात्र त्यांनी सोडला नाही. "सील तेल सोडतं, ताई, पण प्लेटची काच तुम्ही केलीत. चढावर क्लचवर गाडी तोलून धरता ना?" धरत होते. सगळेच धरतात, असं म्हणणार होते, पण त्यांच्या मागच्या फळीवर जुन्या प्लेटींची चळत होती. गप्प बसले.

पहिले ५०० किलोमीटर जपून चालवायला सांगितलंय. आज ३४० झाले. चढावर आता हँडब्रेक ओढते. मागचे हॉर्न वाजवतात.