मृत्यू नेमका केव्हा घडतो?

दवाखान्याच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ मिनिटासह लिहिली जाते. परंतु ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत घरच्यांच्या लेखी माणूस त्या मिनिटाला पुरता गेलेला नसतो. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवून हिंदू घरची मंडळी कावळ्याची वाट पाहतात, तो शिवेना तर मृताची कोणती इच्छा राहिली असेल हे आठवून एकेक वचन देतात, आणि तरीही तो आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. हे सारे नाकारणारी परंपराही याच मुलखात आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा असल्याने बौद्ध घरांत पुण्यानुमोदन होते, म्हणजे सत्कर्माचे पुण्य मृताच्या नावे अर्पण केले जाते.

याच मुलखातील गोंड आदिवासींची कल्पना याहून सूक्ष्म आहे. शेजारच्या आदिलाबादमधील राजगोंडांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवल्यानुसार माणसात दोन तत्त्वे असतात : 'जीव', म्हणजे देहाला चालवणारी प्राणशक्ती, आणि 'सनाल', म्हणजे मृताचे व्यक्तित्व, जे विधींनंतर पूर्वजांत सामील होते. प्राण जाणे आणि पूर्वज होणे या दोन घटना मानल्या की शोकालाही मुदत मिळते, आणि हे शहाणपण कोणत्याही शास्त्राने हिणवू नये.

वैद्यकालाही एकच क्षण पुरेसा ठरला नाही. कृत्रिम श्वासयंत्रावर हृदय धडधडत असताना मस्तिष्कस्तंभाचे, म्हणजे श्वास व जाणीव सांभाळणाऱ्या मेंदूच्या तळभागाचे, कार्य कायमचे थांबू शकते; म्हणून १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी असे ठरले.

ही व्यवस्था मोठ्या रुग्णालयाची; गावात मृत्यू अनेकदा घरीच होतो. तिथे 'केव्हा'बरोबर 'का' हेही कळावे म्हणून 'मौखिक शवचिकित्सा' कामी येते, म्हणजे ताप, धाप, दूध न पिणे अशी लक्षणे नातलगांना विचारून कारण ठरवणे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत बालमृत्यूंसाठी या पद्धतीचे निकष सुचवले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, तेव्हा तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.