भरपूर खाऊनही मांजर का वाळते?

कुत्रा आजारी पडला की कण्हतो, मालकाच्या पायाशी येऊन बसतो. मांजराचे तसे नाही. ते माळ्यावर किंवा पोत्यांच्या आड जाऊन गुपचूप पडून राहते. त्यातच अंगावर दाट केस असल्यामुळे त्याचे रोडावणे चटकन दिसत नाही. म्हणून मांजराच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा.

मांजराला टोपलीत बसवून टोपली ताणकाट्याला अडकवा आणि रिकाम्या टोपलीचे वजन वजा करा. चार किलोच्या मांजराचे वजन 400 ग्रॅमने घटले, तर ही घट एक दशांश झाली. पंचेचाळीस किलो वजनाच्या विद्यार्थ्याने साडेचार किलो गमावण्यासारखेच हे आहे.

वजन घटते याचा अर्थ शरीराचा जमाखर्च बिघडला आहे. बिघाड जमेत आहे की खर्चात, हे शोधायचे तर पहिला प्रश्न असा : मांजराची भूक कशी आहे?

भूक मंदावली असेल तर दातांचे विकार, हिरड्या सुजणे, सर्दी अशी कारणे संभवतात. मांजर अन्नाची पारख मुख्यतः वासावरून करते. नाक चोंदले की समोरचा मासाही त्याला नकोसा होतो. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडे निकामी होत जाणे हे फार मोठे कारण आहे. मूत्रपिंडांचे सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसे काही जाणवत नाही. मग मांजर पाणी जास्त पिऊ लागते. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस काहीच खाल्ले नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकते. मांजराला ‘लंघन’ घडवू नये ते याचसाठी.

आपल्याकडे एक कारण ताटलीतच असते. दूधपोळी, दूधभात हे मांजराचे खरे अन्न नव्हे. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही आणि त्याला ढाळ लागते. शिवाय मांजर पक्के मांसाहारी. आहारात प्रथिने कमी पडली की आपले शरीर प्रथिनांची काटकसर करते. मांजराच्या यकृताला ही काटकसर फारशी जमत नाही. ते प्रथिने जाळतच राहते आणि आहारात ती नसली तर स्नायूंतून घेते. पोट भरलेले, पण पाठीचा कणा हाताला लागतो, असे मांजर मग दिसते.

आता खरे कोडे. मांजर मासे, मांस भरपूर खाते आहे, तरी वाळते आहे. पिल्लांत याचे उत्तर बहुधा जंत हे असते. पट्टकृमीचे तुकडे शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि पिसवेतून हा कृमी पोटात जातो. म्हणजे पिसवा घालवल्याखेरीज नुसते जंतांचे औषध पुरत नाही. मधुमेहातही असेच होते. साखर रक्तात असते, पण पेशींना ती वापरता येत नाही. ती लघवीवाटे निघून जाते.

दहा-बारा वर्षांच्या मांजरात मात्र अवटू ग्रंथीकडे, म्हणजेच थायरॉइडकडे, लक्ष द्यावे लागते. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी मांजरांच्या या रोगाचे वर्णन प्रथम 1979 मध्ये केले. आज म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या रोगांत त्याची गणना होते. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या या ग्रंथीत गाठ वाढते. ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण थायरॉक्सिन हे संप्रेरक बेसुमार ओतत राहते. त्यामुळे चयापचयाचा वेग वाढतो. हृदय धावू लागते, मांजर रात्री ओरडत फिरते, अधाशासारखे खाते आणि तरीही खर्च जमेच्या पुढेच राहतो. गंमत अशी की घरची माणसे खूश असतात! म्हातारपणी मांजर पुन्हा पिल्लासारखे खेळू लागले, असे त्यांना वाटते.

रक्ततपासणीत हा रोग कळतो. त्यावर गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे आणि किरणोत्सारी आयोडीनही आहे. थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागते, म्हणून टोचलेले आयोडीन-131 गाठीतच जमा होते. त्याचे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारसे जात नाहीत. ग्रंथीचा निरोगी भाग या काळात जवळजवळ झोपलेला असतो. तो आयोडीन थोडेच घेतो आणि बचावतो. एक गुंतागुंत मात्र राहते. वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे दुबळी मूत्रपिंडेही आतापर्यंत काम रेटत असतात. थायरॉइड ताळ्यावर आले की त्यांचा दुबळेपणा उघड होतो. म्हणून उपचारानंतरही रक्त तपासत राहावे लागते.

जनावरांच्या दवाखान्यात जाताना तारीखवार वजने, खाण्या-पिण्याचे प्रमाण आणि उलटी-जुलाबाची नोंद बरोबर न्यावी; शक्य तर ताज्या विष्ठेचा नमुनाही. तोपर्यंत घरातले कोणतेही औषध मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉल तर मुळीच नाही : ते निर्विष करण्याची आपल्या यकृतातली मुख्य प्रक्रिया मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते आणि माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.