धुऱ्यावरचा किडा फुकट नसतो

चंद्रपूरच्या कोरपना तालुक्यात कुणी पिंजऱ्यात फिंच पाळल्या, तर त्यांच्यासाठी किडे वेगळे वाढवावेत असे सुचवणे कुणालाही विचित्र वाटेल. पावसाळ्यात पऱ्हाटीच्या धुऱ्यावर नाकतोडे पायापायाशी उडतात, गडचांदूर-आवारपूरच्या दिव्यांखाली रात्री पाखरांचा सडा पडतो, आणि पहिल्या पावसानंतर उधईला पंख फुटतात. तरीही माझे म्हणणे असे, की कापसाच्या या पट्ट्यात शेतातून धरून आणलेला किडा फिंचला घालूच नये. घालायचाच असेल तर घरी वाढवलेला घालावा, आणि तोही विणीच्या दिवसांपुरता.

मुळात फिंचला किडे लागतात किती, हे आधी पाहू. बोलणे अर्थात परदेशी जातींचे आहे. आपल्याकडची मुनिया याच कुळातली असली, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती पाळता येत नाही. बाजारात सर्वाधिक दिसणारी झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाची, आणि ऑस्ट्रेलियाने 1960 सालीच आपले पक्षी बाहेर विकायला बंदी घातली असल्याने आज मिळणारी झेब्रा फिंच पिंजऱ्यातल्याच पिढ्यांतून आलेली असते. रिचर्ड झान या अभ्यासकाने रानातल्या झेब्रा फिंचचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा ती पिलांनाही मुख्यतः गवताचे बीच, विशेषतः हिरवे, अर्धे पिकलेले बी भरवते असे दिसले. म्हणजे राळे, बाजरी, भिजवून मोड आणलेले दाणे आणि उकडलेले अंडे यांवर तिची पिले नीट वाढतात. बंगाली फिंचचेही तेच. काही आफ्रिकी मेणचोच्या (वॅक्सबिल) जाती मात्र जिवंत किडा नसेल तर पिले टाकून देतात. त्यामुळे ‘फिंचला किडे हवेतच’ आणि ‘फिंचला किडे नकोतच’ ही दोन्ही विधाने अर्धीच खरी. जात कोणती, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

आता धुऱ्यावरच्या नाकतोड्याकडे वळू. 2017 च्या हंगामात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्य सरकारने ज्या कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. याच औषधाची दुसरी कहाणी अर्जेंटिनातली आहे. 1995-96 च्या सुमारास तिथल्या शेतांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. काही थेट फवाऱ्याखाली सापडले, बाकीचे विषारी नाकतोडे खाऊन गेले. तो पक्षी पाऊण-एक किलोचा. झेब्रा फिंच बारा-पंधरा ग्रॅमची. तिच्यासाठी मात्रा किती पुरेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय विष लागलेला किडा लगेच मरतो असे नाही. तो सुस्तावतो, म्हणून हाताला आधी सापडतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: शेत सोडा, माणिकगडच्या डोंगराकडे रान आहे, तिथे कोण फवारते? खरे आहे. पहिल्या पावसातली पंखवाली उधई घराजवळच दिव्याखाली पाण्याच्या परातीत धरली, तर तिच्याविरुद्ध माझी फारशी तक्रार नाही. पण ती येते वर्षातल्या मोजक्या संध्याकाळी, आणि पिले काही तिची वाट पाहून अंड्यातून बाहेर पडत नाहीत. दिव्यावरच्या पतंगांबद्दल तर खात्री देताच येत नाही, कारण बोंडअळीचा पतंगही त्याच दिव्यावर येतो आणि तो कोणत्या वावरातून आला हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. रानातले भुंगेरे आणि नाकतोडे यांच्या पोटातून पक्ष्यांत पट्टकृमीही शिरतात, हे आणखी एक कारण.

मग वाढवायचे काय? गंमत अशी, की विदर्भातल्या कापूस शेतकऱ्याला किडे वाढवण्याचे एक शास्त्र नावाने तरी माहीत आहे. बोंडअळीवर पानामागे टाचायचे ट्रायकोकार्ड म्हणजे कॉर्सिरा या धान्यातल्या पतंगाची सुमारे वीस हजार अंडी, ज्यांत ट्रायकोग्रामाची इवली माशी वाढत असते. त्यासाठी प्रयोगशाळांत कॉर्सिरा भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर, थोडे शेंगदाण्याचे कूट घालून, झाकणाला जाळी लावलेल्या डब्यांत वाढवतात. सव्वा-दीड महिन्यात पतंग बाहेर पडू लागतात. त्याआधीच्या मऊ अळ्या फिंचच्या चोचीला अगदी बेताच्या. मात्र प्रयोगशाळेत कोळ्यांचा त्रास टाळायला त्या धान्यात गंधक आणि जोडीला प्रतिजैविक घालतात. पक्ष्यांसाठी ही दोन्ही वगळावीत, धान्य आधी कडक तापवून घ्यावे आणि डबा घरच्या ज्वारीच्या कोठीपासून लांब ठेवावा, नाहीतर हीच पाखरे कोठीत संसार मांडतील. पतंगांच्या पंखांवरची भुकटी श्वासात गेली की काहींना दमा उठतो, तेव्हा तोंडाला फडके बांधावे.

मीलवर्म नावाची अळी अधिक प्रसिद्ध आहे आणि गव्हाचा कोंडा व गाजराचा तुकडा एवढ्यावर वाढते. पण तिला पंचवीस ते अठ्ठावीस अंश मानवतात, आणि चंद्रपूरचा मे 46-47 अंशांचा. तयार अळ्या फ्रिजच्या कमी गार कप्प्यात आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतात, एवढी सोय आहे. तिची कात टणक, म्हणून नुकती कात टाकलेली पांढरी अळीच निवडावी. चरबी भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे पिंजऱ्यात समुद्रफेस किंवा भाजून कुटलेले अंड्याचे टरफल हवेच. एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. झेब्रा किंवा बंगाली फिंच असेल तर खरोखरच करू नये. उकडलेले अंडे पुरे, फक्त उन्हाळ्यात ते दोन तासांपलीकडे भांड्यात राहू देऊ नये. आणि एप्रिल-मे मध्ये पिंजऱ्यातली घरटीच काढून ठेवली, तर त्या दोन महिन्यांत ना पिले होतात, ना अळ्या वाढवाव्या लागतात.