घरातली काडतुसं आणि आपण

कोकणात रानडुकरं आणि वानरं शेतीची नासाडी करतात, म्हणून शेतीसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक काही घरांत असते. परवाना बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर, पण घर झाडतो, आवरतो आपण. मुलंही आपल्याच भोवती असतात. म्हणून काडतुसांची माहिती आपल्याला हवीच.

आधी कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीला परवाना लागतो, तसाच काडतुसांनाही. किती काडतुसं जवळ ठेवायची, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. त्याहून एकही जास्त नको. शेजाऱ्याची काडतुसं ‘दोन दिवस राहू देत’ म्हणून ठेवून घेणं हाही गुन्हा ठरू शकतो.

आता ठेवायचं कसं? बंदूक रिकामी करूनच घरात ठेवायची. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली परवानाधारकाकडेच, खुंटीवर किंवा देवघरात नाही. पेटी कोरड्या, थंड जागी ठेवा. चुलीवरची फळी, गॅसजवळचं कपाट, पत्र्याखालचा तापणारा माळा टाळा. काडतूस आगीत पडलं तर बंदुकीशिवायही फुटतं, त्याचे तुकडे उडून इजा होते. ठासणीच्या बंदुकीची दारू तर ठिणगीनेही पेटते. तिच्याजवळ दिवा, उदबत्ती, विडी नको.

पावसात काडतुसं भिजली तर पापडांसारखी उन्हात वाळवू नका, तव्यावर तर मुळीच नाही. चुलीत, उकिरड्यावर, विहिरीतही टाकू नका. परवानाधारकाने पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून ती जमा करावीत. जुनं काडतूस सापडलं तर हात न लावता मुलांना दूर करा आणि पोलिसांना कळवा.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. परवानाधारक वारला की त्याचा परवाना आपोआप बायकोचा किंवा मुलाचा होत नाही. दुःखात हे राहून जातं आणि बंदूक तशीच घरात पडून राहते. उशीर न करता बंदूक व काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा.

आज रात्री घरात तीन प्रश्न विचारा: काडतुसं कुठे आहेत? किल्ली कुणाकडे आहे? परवान्याची मुदत कधी संपते? उत्तर मिळालं नाही, तर गटाच्या बैठकीत विषय काढा. आपण मिळून विचारलं की उत्तर मिळतं.