ब्रूपब आणि आशियाई धाटणीचा चखणा

ब्रूपब म्हणजे ज्या जागेत बिअर तयार होते त्याच जागेत ती भोजनासह विकणारे उपाहारगृह. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेच्या व्याख्येनुसार, एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के बिअर जागेवरच विकणाऱ्या आणि भोजनाची पुरेशी व्यवस्था असणाऱ्या आस्थापनेस ब्रूपब म्हणतात. यातील भोजनाची अट महत्त्वाची आहे. अमेरिकी शहरांच्या निवासी वस्त्यांतील अनेक ब्रूपबांच्या पदार्थसूचीत गेल्या काही दशकांत जपानी, कोरियाई, तैवानी व आग्नेय आशियाई वळणाच्या पदार्थांनी बर्गर आणि बटाट्याच्या तळलेल्या कापांशेजारी जागा मिळवली आहे.

पार्श्वभूमी

पेयाबरोबर खारट, तळकट काही देण्याची प्रथा ब्रूपबपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मराठीत त्यासाठी ‘चखणा’ हा नेमका शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मद्यालये पेय घेणाऱ्यास दुपारचे जेवण ‘फुकट’ देत. ते मुद्दाम खारट असे, म्हणजे गिऱ्हाईक आणखी एक पेला मागवी. न्यूयॉर्क राज्यात १८९६ च्या रेन्स कायद्याने रविवारी जेवणासोबतच मद्य देण्याची मुभा केवळ हॉटेलांना ठेवली. तेव्हा एकच वाळलेले सँडविच टेबलाटेबलांवर फिरवून कायद्याचे समाधान करण्यात येऊ लागले. मद्यगृहातील अन्न हा बराच काळ असा केवळ उपचार होता.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर उत्पादक, वितरक आणि किरकोळ विक्रेता यांना परस्परांपासून अलग ठेवणारी व्यवस्था बहुतेक राज्यांनी स्वीकारली. मद्यालये पूर्वी उत्पादकांच्या मुठीत असत, ते टाळणे हा तिचा हेतू. परंतु त्यामुळे स्वतः बिअर बनवून स्वतःच ती पेल्यात ओतणे जवळपास अशक्य झाले. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे हॉप्सचे जाणकार बर्ट ग्रँट यांनी १९८२ मध्ये सुरू केलेला ब्रूपब हा दारूबंदीनंतरचा अमेरिकेतील पहिला मानला जातो. पुढे एकेका राज्याने कायदा बदलला. जपानमध्ये १९९४ साली परवान्यासाठीची किमान वार्षिक उत्पादनाची अट २,००० किलोलिटरवरून ६० किलोलिटरवर आणली गेली, तेव्हा तिकडेही छोट्या उत्पादकांना वाट मोकळी झाली. भारतात पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली ही अशा आरंभीच्या आस्थापनांपैकी एक होय.

आशियाई पदार्थच का?

याचे एक कारण स्वयंपाकघराच्या आकारात आहे. इमारतीतील मोठी जागा किण्वनाच्या टाक्या अडवतात. आचाऱ्याच्या वाट्याला बहुधा एक तळणी, एक तवा आणि थोडासा ओटा येतो. एवढ्यात लवकर होणारे, लहान बशीत देता येणारे आणि चार जणांत वाटून खाता येणारे पदार्थच सोयीचे. जपानमधील इझाकाया या पेयगृहांनी नेमका असाच आहार दीर्घकाळ विकसित केला होता. मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, अर्थात एदामामे, आपल्याकडील उकडलेल्या शेंगांप्रमाणेच सोलत-सोलत खातात. आले व सोया सॉसमध्ये मुरवून तळलेले कोंबडीचे तुकडे म्हणजे काराआगे. ग्योझा करंजीसारखी मुरड घातलेली असते. ती मुळात चिनी च्याओझचे जपानी रूप आहे. कोरियात तळलेली कोंबडी आणि बिअर यांची जोडी इतकी रूढ आहे की ‘चिकिन’ आणि ‘मेक्जू’ (बिअर) मिळून ‘चिमेक’ असा स्वतंत्र शब्दच झाला.

दुसरे कारण स्थलांतरितांच्या पाककलेचे. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली डेव्हिड चँग यांनी उघडलेल्या मोमोफुकू नूडल बारने वाफवलेल्या मऊ पावातील डुकराचे मांस लोकप्रिय केले. लॉस एंजेलिसमध्ये २००८ पासून रॉय चॉय यांच्या कोगी गाडीने कोरियाई मांस मेक्सिकन टाकोत भरून विकले. किमची घातलेले तळलेले बटाटे हे याच वळणाचे अपत्य. अशा पदार्थांना सरसकट ‘एशियन’ म्हणणे मात्र ढिलाईचे आहे. त्या एका शब्दाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या पाच-सहा पाकपरंपरा दडपल्या जातात. ज्या पदार्थसूचीत पदार्थाचे मूळ नाव व मूळ प्रदेश दिलेला असतो, ती सामान्यतः अधिक विश्वासार्ह समजावी.

चवीचा मेळ

बिअरमधील वायूचे बुडबुडे आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेवरील तेलकटपणा कमी जाणवू देतात. म्हणून तळलेल्या पदार्थांशी ती जुळते. तिखटाचे गणित वेगळे आहे. मिरचीतील कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, आणि बिअर बव्हंशी पाणीच असते. थंडाव्याने क्षणभर बरे वाटते, पण बुडबुड्यांनी व मद्यार्काने आग वाढल्याचाच अनुभव पुष्कळांना येतो. फार कडू इंडिया पेल एलपेक्षा गव्हाची किंवा हलकी लागर बिअर तिखटाशी बरी, असे म्हणतात ते याचमुळे. खरा उतारा दुधातील केसिन हे प्रथिन. म्हणजे दही किंवा ताक.

प्रत्यक्ष भोजन

बहुतेक ठिकाणी बिअरच्या प्रकारांची नावे फळ्यावर लिहिलेली असतात आणि प्रत्येकापुढे मद्यार्काची टक्केवारी असते. नवख्याने ‘फ्लाइट’ मागवणे सोयीचे: लाकडी फळीवर चार-पाच छोटे पेले, प्रत्येकी सुमारे १२० ते १५० मिलिलिटर. अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा, ब्रिटिश ५६८ चा. छोटे पेले निरुपद्रवी दिसले तरी चार मिळून एक पूर्ण पाइंट सहज ओलांडतात, हे वाहन चालवणाऱ्याने विसरू नये. अमेरिकेत मद्यसेवनासाठी किमान वय २१ आहे आणि परदेशी विद्यार्थ्याकडे पारपत्र मागितले जाऊ शकते. वाढप्यास बिलाच्या १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याचा रिवाज आहे. तिच्यावर त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून असतो.

शाकाहारी व्यक्तीने अधिक सावध राहावे. भाजीचा दिसणारा पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. पारंपरिक किमचीत बहुधा माशांचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, जपानी रस्सा व बुडवण्याची चटणी पुष्कळदा ‘दाशी’वर, म्हणजे सुक्या माशाच्या अर्कावर, आधारलेली असते, परतलेल्या पालेभाजीत कालवांचा सॉस येतो. शिवाय भाजीचे वडे आणि कोंबडी एकाच तेलात तळली जाणे अशा छोट्या स्वयंपाकघरात स्वाभाविक आहे. त्यामुळे ‘यात मांस आहे का?’ एवढे विचारणे पुरत नाही. मासळीचा सॉस, दाशी आणि तळणीचे तेल यांची वेगवेगळी चौकशी करावी लागते. शेंगदाणे, तीळ, सोया व गहू यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ती मागणी नोंदवण्यापूर्वीच सांगावी, कारण सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो आणि बिअरमध्ये बार्ली, अर्थात सातू, असतेच.

बिअर तयार झाल्यावर उरणारा सातूचा चोथा अनेक ब्रूपब जवळच्या शेतकऱ्यांना गुरांच्या खाद्यासाठी देतात. काही ठिकाणी तो वाळवून, दळून पावाच्या पिठातही मिसळला जातो.